ग्राहक म्हणतो, ‘ही अट दिसलीच नाही’: माझा अनुभव

आमच्या ऑनलाइन दुकानात ऑर्डर रद्द झाली की ग्राहक म्हणायचा, "ही अट मला कुठे दिसलीच नाही." आणि त्याचं खरंच होतं. आधी दुसऱ्या साइटच्या अटी उचलून चिकटवल्या. त्यात आम्ही देतच नसलेल्या सेवेचं कलम निघालं. मग पानाच्या तळाची अटींची लिंक ठळक केली. उपयोग शून्य. डोक्याला नुसता ताप.

शेवटी जमलं ते या क्रमाने. आधी कागदावर एका ऑर्डरचा प्रवास लिहिला: पैसे, पाठवणी, रद्द करणं, परतावा. प्रत्येक टप्प्यावर "इथे बिनसलं तर कोण काय करणार?" याचं उत्तर एका वाक्यात. "वाजवी वेळेत परतावा" खोडून "वस्तू परत मिळाल्यापासून 7 दिवसांत, पैसे आले त्याच खात्यात" असं केलं. मसुदा वकिलाकडून तपासून घेतला. मग पैसे भरायच्या बटणाच्या अगदी वर, अटींच्या लिंकसह, रिकामा चेकबॉक्स ठेवला. आधीच टिक केलेला अजिबात नको; संमती ग्राहकाने स्वतः दिलेली दिसली पाहिजे. टिक केल्याशिवाय बटण चालू होत नाही. त्यानंतर टिकची वेळ आणि अटींच्या आवृत्तीची तारीख ऑर्डरच्या नोंदीत साठवली. जुनी आवृत्ती पुसत नाही, कारण जुन्या ऑर्डरला जुन्याच अटी लागू.