मसाल्याच्या पाकिटावर बारकोड घालण्याआधी

धायरीत आमचं गोडा मसाल्याचं छोटं युनिट आहे, पॅकिंग मी बघते. दुकानदार ‘बारकोड असेल तरच माल ठेवतो’ म्हणाला, की नवीन माणूस आधी प्रिंटर घ्यायला धावतो. आधी नंबर घ्या. जीएस वन इंडिया, म्हणजे बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडे, नोंदणी केली की ८९० ने सुरू होणारे नंबर मिळतात. १०० ग्रॅमच्या पाकिटाला एक, २०० ग्रॅमला दुसरा. एकच नंबर दोघांना लावलात तर बिलात चुकीची किंमत येणार.

नंबरातल्या तेरा आकड्यांपैकी शेवटचा तपासणीचा. तो एकदा हाताने काढून बघाच. नमुन्याला पहिले बारा आकडे ८९०१२३४५६७८९ घ्या. पहिल्यापासून एकाआड एक आकड्यांची बेरीज २८. उरलेल्यांची ३४, तिची तिप्पट १०२. एकूण १३०. दहाच्या पाढ्यातली संख्या गाठायला जेवढे कमी, तो शेवटचा आकडा. इथे काहीच कमी नाही, म्हणून शून्य. आकडा टाइप करताना चुकला, तर स्कॅनर तिथेच अडतो.

आता छपाई. आमच्या पहिल्या पाकिटावर पट्ट्या मिरचीसारख्या लालभडक छापल्या होत्या. दिसायला देखण्या, पण दुकानात एकही पाकीट वाचलं जाईना, अख्खा माल टेम्पोतून परत आला. बहुतेक काउंटरवरच्या स्कॅनरचा उजेड लाल असतो. त्यात लाल पट्टी पांढऱ्या कागदासारखीच दिसते. पट्ट्या काळ्या, मागे पांढरं. पूर्ण मापाच्या कोडला डावीकडे ४ मिलिमीटर तरी कोरी जागा सोडा, आणि पाउचच्या जोडापासून, घडीपासून लांब छापा. हजारो पाकिटं छापण्याआधी एक पाकीट मसाला भरून, फुगलेलं असतानाच स्कॅन करा. सपाट कागदावर सगळंच वाचलं जातं.

या नंबरात बॅच नसते, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. बॅचसाठी आम्ही खोक्यावर ‘कोड १२८’ या वेगळ्या प्रकारच्या बारकोडचा स्टिकर लावतो, रिबनवाल्या प्रिंटरने काढलेला. साधा थर्मल कागद भट्टीजवळ काळा पडतो. बॅचपुढे नोंद असते: मार्केट यार्डातून बेडगी कोणत्या दिवशी आली, कोणत्या गोणीतली, कधी भाजली. खोकं टेम्पोत चढतानाही तोच स्टिकर स्कॅन होतो, दुकानाचं नाव त्याच ओळीत जातं. मागे एका ताईंचा फोन आला, मसाला कडवट लागतोय म्हणून. पाकिटावर वेगळा छापलेला बॅच नंबर विचारला आणि त्याच दुपारी त्या बॅचची उरलेली खोकी कोणत्या दुकानांत आहेत ते काढून परत मागवली.