जागा ठरण्याआधी : रोमा वस्त्यांच्या घरांच्या प्रश्नावर काम करू पाहणाऱ्यांसाठी

२०१७च्या सप्टेंबरात सार्वजनिक धोरणाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी बुडापेस्टला गेले, तेव्हाच रोमा या युरोपभर पसरलेल्या समाजाच्या घरांच्या प्रश्नावर काम करायचं हे मनाशी पक्कं होतं. माझं आजोळ सोलापूरचं. इंग्रजांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींना जिथे डांबलं त्या तिथल्या सेटलमेंटमधल्या लोकांची रोजची हजेरी, भोवतीचं तारेचं कुंपण, हे सगळं आजोबांच्या तोंडून लहानपणीच ऐकलेलं. एखाद्या समाजानं कुठे राहायचं हे दुसऱ्याच कुणी ठरवायचं, हा प्रकार युरोपात कसा चालतो ते मला समजून घ्यायचं होतं. आता या वाटेनं येऊ पाहणारी काही मुलं-मुली विचारतात, म्हणून मला सुरुवातीला कुणी न सांगितलेलं इथे लिहिते आहे.

पहिली चूक माझी. रोमांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून गेले, त्यांची भाषा आपल्या भाषांच्या कुळातली. घराला ‘खेर’, माणसाला ‘मानुष’, पाण्याला ‘पानी’. हे शब्द पाठ करूनच मी ईशान्य हंगेरीतल्या एका वस्तीत गेले. एका आजींसमोर मोठ्या उत्साहानं ‘खेर’ म्हटलं, तर त्या नुसत्याच बघत राहिल्या. हंगेरीतले बहुतेक रोमा पिढ्यानपिढ्या हंगेरियनच बोलतात, हे मला ठाऊक असायला हवं होतं. आजींनी हंगेरियनमध्ये विचारलं ते माझ्या सहकाऱ्यानं मला सांगितलं: छप्पर गळतंय, नगरपालिका काय करणार आहे? भारताचं नातं खरं आहे आणि पुढे ओळख वाढल्यावर त्यावर गप्पाही रंगतात, पण ते घेऊन दारात उभं राहू नका. त्या देशाची भाषा शिका. मी रोज संध्याकाळी वर्गाला जायचे. बैठकीत काय चाललंय ते दुभाष्याशिवाय कळायला मला वर्ष लागलं.

शब्दही जपून वापरा. हंगेरीत वस्तीला ‘तेलेप’ म्हणतात. बल्गेरियात ‘महाला’, आपला मोहल्ला आणि हा शब्द एकाच अरबी मुळातून आलेले. हंगेरीच्या वस्तीतले लोक स्वतःला ‘त्सिगाञ’ म्हणतील, पण बाहेरच्यांच्या तोंडी तो शब्द शिवीसारखा लागतो. आपण रोमाच म्हणावं.

आता मुद्द्याचं. नव्यानं येणाऱ्याला वाटतं की प्रश्न वाईट घरांचा आहे. तो आहेच: युरोपीय संघाच्या मूलभूत हक्क संस्थेनं २०२१मध्ये केलेल्या पाहणीत २२ टक्के रोमांच्या घरात नळाचं पाणी नव्हतं. पण घर कसं आहे याआधी ते कुठे आहे हे विचारायला शिका. रुमानियातल्या क्लुज-नापोका शहरात १७ डिसेंबर २०१० रोजी, ऐन थंडीत, कोस्तेई रस्त्यावरच्या ७६ कुटुंबांना हलवण्यात आलं. त्यातल्या ४० कुटुंबांना नव्या बांधणीत एकेक खोली मिळाली, चार कुटुंबांत एक न्हाणीघर. उरलेल्या ३६ना तेही नाही. ही नवी बांधणी होती पाता-रत इथे, शहराच्या कचरा डेपोला लागून. कागदावर पुनर्वसन झालं. शाळा लांब गेली, कामाची ठिकाणं लांब गेली, आणि अर्जावर पत्ता लिहिला की माणूस कुठून आलाय ते वाचणाऱ्याला लगेच कळू लागलं. पुढे २०१४ ते २०१७ या काळात नॉर्वेच्या निधीतून ३५ कुटुंबं तिथून शहरात आणि आसपासच्या गावांत विखुरलेल्या घरांत गेली. म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. पण ७६ कुटुंबं तिथे हलवायला एक दिवस पुरला होता आणि ३५ तिथून बाहेर काढायला वर्षं लागली.

दुसरं प्रकरण नीट वाचा ते ईशान्य हंगेरीतल्या मिश्कोल्त्स शहराचं. स्टेडियमजवळच्या ‘क्रमांकांच्या गल्ल्या’ या वस्तीबद्दल नगरपालिकेनं २०१४मध्ये नियम केला: घर सोडणाऱ्याला २० लाख फोरिंटपर्यंत भरपाई, पण त्यानं शहराबाहेर घर घ्यायचं आणि ते पाच वर्षं विकायचं नाही. त्यावर शेजारच्या काही गावांनी असे लोक आपल्याकडे येऊ नयेत म्हणून स्वतःचे नियम केले. २०१५मध्ये हंगेरीच्या सर्वोच्च न्यायालयानं मिश्कोल्त्सची ती अट बेकायदा ठरवली. मी गेले तोवर निकालाला दोन वर्षं झाली होती, आणि बरीच कुटुंबं त्याआधीच निघून गेली होती. न्यायालयात जिंकणं गरजेचं असतं, पण त्यानं गेलेलं घर परत येत नाही. म्हणून मला न्यायालयाच्या आधीची, म्हणजे जागा ठरतानाची, पायरी महत्त्वाची वाटते, आणि नागरी संघटनांचं खरं काम तिथेच आहे.

ती पायरी कशी हुकते ते मी एका छोट्या शहरात पाहिलं. (नाव लिहीत नाही.) युरोपीय निधीतून घरं बांधायची होती, म्हणून रोमा प्रतिनिधींशी सल्लामसलत ठेवलेली. पत्र तीन दिवस आधी आलं, सोबत चाळीस पानांचा मसुदा. बैठकीत पडद्यावर नकाशा लावला तेव्हा भूखंडावर रंग भरून झाला होता: रेल्वेरुळांच्या पलीकडे, जुन्या तेलेपला खेटून. आम्हाला विचारलं गेलं ते मुलांच्या खेळायच्या जागेबद्दल. हंगेरीत १९९०च्या दशकापासून रोमांची निवडून आलेली स्थानिक स्वशासनं आहेत. त्यांना आपलं मत मांडता येतं, पण पैसा बराचसा नगरपालिकेच्या हातून येतो. त्या शहरातल्या रोमा स्वशासनाच्या अध्यक्षांनी मसुद्यावर सही केली. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “पोरी, पुढच्या वर्षीचा खर्च मला ह्यांच्याकडूनच मागायचाय.” मला त्यांचा राग आला नाही. ज्यांनी त्यांना त्या खुर्चीत बसवून हात बांधून ठेवले त्यांचा आला, आणि अजून येतो.

तेव्हापासून आमच्या संघटनेनं कामाची पद्धत बदलली. हंगेरीत नगरपालिकांना समान संधीचा स्थानिक कार्यक्रम लिहावा लागतो, आणि शहरांच्या विकास आराखड्यात विलगीकरणविरोधी, म्हणजे गरिबांच्या वस्त्या वेगळ्या पडू नयेत म्हणूनची, योजना असते. तिच्यात विलग वस्ती ठरते ती वंशावरून नाही, तर शिक्षण फार तर आठवीपर्यंत आणि नियमित रोजगार नाही अशा लोकांच्या प्रमाणावरून. हे दोन्ही कागद बहुतेक कुणी उघडत नाही. तुम्ही उघडा, आणि दर वेळी नव्या मसुद्यातला नकाशा जुन्याशेजारी ठेवून पाहा. वस्तीची हद्द एका गल्लीनं आत सरकली असेल, तर कारण लेखी मागा. युरोपीय निधीच्या देखरेख समित्यांत नागरी संघटनांना जागा द्यावी लागते; २०१४ची भागीदारीची आचारसंहिता त्यासाठीच आहे. म्हणजे प्रशासनाला तुमचा सहभाग दाखवावा लागतो. सही करण्याआधी आपला विरोध इतिवृत्तात शब्दशः नोंदवून घ्या. आमची अशी एक नोंद दीड वर्षानंतर निधी तपासणाऱ्यांनी वाचली आणि भूखंडाबद्दल प्रश्न विचारले. तोवर आम्हाला वाटलं होतं की ती फुकट गेली.

दुसऱ्या देशांचंही बघा. स्पेनमध्ये २००५पासून हितानो समाजाची (तिथल्या रोमांना हितानो म्हणतात) राष्ट्रीय परिषद आहे, तिच्यात प्रशासनाचे २० आणि संघटनांचे २० प्रतिनिधी. माद्रिदनं झोपड्यांतल्या कुटुंबांसाठी शहरभर विखुरलेले फ्लॅट घेऊन पुनर्वसन केलं. तिथेही अडचणी आल्या, तरी दिशा बरोबर होती असं माझं मत आहे. युरोपीय संघाची २०२० ते २०३०ची रोमा चौकट समता आणि समावेशाबरोबर सहभागालाही उद्दिष्ट मानते. तिच्या अंमलबजावणीवर रोमा आणि रोमांसाठी काम करणाऱ्या संघटनांचे स्वतंत्र देशवार अहवाल निघालेले आहेत. ते सरकारी अहवालाच्या शेजारी ठेवून वाचलेत तर तुमचा एका सत्राचा अभ्यास झाला म्हणून समजा.

आणि एक अडचणीचं. विखुरलेलं घर प्रत्येकालाच हवं असतं असं नाही. काकू-मावश्या शेजारी असतात म्हणून पोरं सांभाळली जातात. कुणी आजारी पडलं तर दार ठोठावता येतं. एका बाईंनी मला स्पष्ट विचारलं, “तिथे जिन्यात कुणी बोललंच नाही तर?” तुमच्या प्रबंधात याचं उत्तर नसेल, पण प्रश्न मात्र असू द्या. आपली संघटना म्हणजे वस्ती नव्हे. बैठक संध्याकाळी ठेवा, बसचं भाडं द्या, पोरांकडे बघायला कुणीतरी ठेवा, आणि बोलायला वस्तीतल्यांना पुढे करा. तुम्ही टिपणं घ्या.

मराठी माणसानं मिश्कोल्त्सच्या बाजूला गेल्यावर शायोकाझालाही जावं. तिथे २००७मध्ये जय भीम नेटवर्क या आंबेडकरांच्या विचारांवर चालणाऱ्या रोमा बौद्धांच्या संघटनेनं रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावानं शाळा सुरू केली. हंगेरीच्या खेड्यात ते नाव पाहिलं तेव्हा मला आजोबा आठवले.

शेवटी नोकरीचं. या क्षेत्रात पगार कमी आणि प्रकल्प दोन-तीन वर्षांचे. भारतीय पासपोर्टवाल्याला परवान्याची चिंता कायमची, म्हणून विद्यार्थी असताना किती तास काम चालतं ते पहिल्याच महिन्यात विचारून घ्या. कायदा, नगररचना, समाजकार्य, संख्याशास्त्र, काहीही शिकून आलात तरी चालतं. लहान संघटनांना अंदाजपत्रक वाचणारं आणि निधीचा अहवाल नीट लिहिणारं माणूस लगेच लागतं. माझं पहिलं पगारी काम तेच होतं. एखाद्या संघटनेला पत्र लिहाल तेव्हा त्यांच्या शहराचा आराखडा आधी वाचून ठेवा, आणि कोणत्या भूखंडाचा निर्णय अजून व्हायचा आहे ते विचारा.