पेसाहची तयारी: आपल्या स्वयंपाकघरात गहू कुठे कुठे लपतो

पेसाह, म्हणजे मराठी बायबलमधला वल्हांडण, हा ज्यू लोकांचा सण त्यांच्या पंचांगातल्या निसान महिन्याच्या १५ तारखेला लागतो. ती पौर्णिमा, त्यामुळे बहुतेक वर्षी हनुमान जयंती मागेपुढेच असते. २०२७ मध्ये सेदेरची, म्हणजे सणाच्या विधिवत जेवणाची, पहिली रात्र २१ एप्रिलला आहे. इस्राएलमध्ये सण सात दिवसांचा आणि सेदेर एक. मुंबई, ठाणे, पुणे, अलिबागला आठ दिवस आणि सेदेर दोन. बेने इस्राएलांत, म्हणजे इथल्या मराठी ज्यूंत, याला पूर्वी ‘अनाशी धाकाचा सण’ म्हणत. अनस म्हणजे आंबट रसाचं भांडं, आणि सणात ते झाकून ठेवायचं.

नियम एकच: गहू, जव, राय (मोहरी नव्हे, धान्य), ओट आणि स्पेल्ट (गव्हाचा एक प्रकार) या पाच धान्यांचं फुगलेलं किंवा आंबलेलं काहीही, म्हणजे हामेत्स, खायचं नाही आणि घरातही ठेवायचं नाही. युरोपातल्या याद्या वाचून तयारी केली तर पाव-बिस्किटांची कपाटं रिकामी होतात आणि हिंगाची डबी तशीच राहते. बाजारातल्या बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं. म्हणजे त्या हिंगाचं लोणचं, चाट मसाला, सांबार मसालाही बाद. घटक वाचूनच घ्या, नाहीतर आठ दिवस हिंगाशिवाय फोडणी करा. माल्ट व्हिनेगर जवाचं असतं, बिअरही. रवा, शेवया, दलिया हे तर उघडच आहे.

दुसरी जागा पिठाची गिरणी. तांदूळ आपल्याकडे चालतो (अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यू घरांत नाही, म्हणून पाहुण्यांना आधी विचारून ठेवा). पण गव्हानंतर लगेच त्याच जात्यात दळलेल्या तांदळाच्या पिठात गव्हाचं पीठ येतंच. मसाला कुटून घेतानाही तेच. मिरच्या-धणे चैत्राच्या उन्हात वाळवून घरच्या स्वच्छ मिक्सरमध्ये दळावेत, भाकरीचं पीठही शक्यतो तसंच. अख्खा तांदूळ पांढऱ्या ताटात एका थरात पसरून तीनदा निवडायचा, तोही सण लागण्याआधी. किराणा दुकानात गव्हाच्या पोत्याशेजारीच तांदळाचं पोतं असतं, त्यामुळे दाणे सापडतात.

भांड्यांचं गणित असं: भांड्यानं हामेत्स ज्या रीतीनं शोषलं, त्याच रीतीनं ते बाहेर काढायचं. उकळत्या पदार्थाची स्टीलची, तांब्याची भांडी स्वच्छ घासून २४ तास न वापरता ठेवायची, मग खळखळ उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून लगेच गार पाण्यात काढायची. पाणी नुसतं वाफाळतं असेल तर उपयोग नाही, आणि कडीच्या खाचेत पीठ अडकलं असेल तरीही नाही. कुकरची रिंग आणि शिटी काढून वेगळी घासा. तांब्या-पितळेला कल्हई लावायची तर ती याच महिन्यात. पोळीचा तवा मात्र उकळून शुद्ध होत नाही. त्यावर पीठ कोरडं जळतं, म्हणून तो लाल होईपर्यंत तापवावा लागतो. घरच्या गॅसवर ते नीट होत नाही. नवा तवा घेतलेला स्वस्त पडतो. मातीची भांडी शुद्ध होतच नाहीत. पोळपाट-लाटण्याच्या रेषांतलं पीठ निघत नाही. ते बांधून माळ्यावर टाका.

घराला रंग किंवा चुना काढायचा असेल तर तो आधी उरका, झाडलोट शेवटी. १४ निसानच्या आदल्या संध्याकाळी अंधार पडताच मेणबत्ती घेऊन झडती. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून लपवायची पद्धत आहे. कुठे ठेवले ते लिहून ठेवा, नाहीतर नववा सापडतो आणि दहाव्यासाठी रात्र जाते. दुसऱ्या सकाळी हामेत्स खायची वेळ दिवसाच्या चौथ्या तासाला संपते, जाळायची पाचव्याला. हे तास सूर्योदय-सूर्यास्ताचे बारा भाग करून मोजतात; मुंबईत एप्रिलमध्ये साधारण साडेदहा आणि साडेअकरा. नेमकी मिनिटं सिनेगॉगच्या पत्रकातून घ्या. जाळणं सकाळच्या कामांत हमखास लांबतं, म्हणून नाश्ता होताच उरकलेलं बरं.

सेदेरच्या ताटातला खजुराचा शिरा दोन दिवस आधी करा. (हा रव्याचा शिरा नव्हे, हा काकवीसारखा पातळ पाक.) एक किलो बिनबियांचा खजूर धुऊन दीड लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, तासभर मंद शिजवा, कुस्करून मलमलीतून गाळा. कापड फार पिळलं की चोथा उतरतो, पाक गढूळ होतो आणि आटवताना तळाला लागतो. जाड बुडाच्या भांड्यात आटवा; चमच्याच्या पाठीवर थर धरला की उतरवा, कारण गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. साधारण अर्धा लिटर मिळतो. ताटात ठेवताना वर अक्रोडाचा भरड.

द्राक्षारसाऐवजी काळ्या मनुकांचं शरबत ही बेने इस्राएलांची जुनी सोय. सेदेरला प्रत्येकानं चार प्याले प्यायचे असतात; एक प्याला किमान ८६ मिली, म्हणजे माणशी ३४४. सहा जणांना रात्रीला दोन लिटरहून थोडं जास्त लागतं. पाव किलो मनुकांना पाऊण लिटर पाणी, रात्रभर भिजवून वाटा आणि गाळा. पुरवायला पाणी वाढवू नका, पातळ शरबतावर द्राक्षारसाचा आशीर्वाद म्हणता येत नाही. सणाच्या दिवशी पिळणं-वाटणं चालत नाही, म्हणून दोन्ही रात्रींचं शरबत आधीच करून फ्रिजमध्ये ठेवा. एप्रिलच्या उकाड्यात बाहेर ठेवलं तर फसफसतं. नवी आगही पेटवायची नसते, तेव्हा दोन दिवस टिकेल असा मोठा दिवा सूर्यास्तापूर्वी लावा.

मात्सा, म्हणजे गव्हाचीच पण फुगू न दिलेली रोटी, माणशी तीनदा लागते: आशीर्वादाला, मारोरबरोबर (कडू पाला) आणि अफिकोमानला (जेवणाच्या शेवटी खायचा तुकडा), दर वेळी सुमारे ३० ग्रॅम. सहा जणांना दोन रात्रींसाठी अर्ध्या किलोचे तीन पुडे. घरी भाजायची तर पीठ दळल्यापासून ओल लागू न दिलेलं हवं. पाणी संध्याकाळी भरून रात्रभर ठेवलेलं, कारण नळाचं कोमट पाणी पीठ लवकर फुगवतं. मीठ घालायचं नाही. पाणी पडल्यापासून भट्टीपर्यंत १८ मिनिटांत सगळं. जाणत्या माणसाशिवाय हे करू नका. एरवीच्या जेवणाला उकड काढून तांदळाच्या भाकऱ्या आहेतच.

ताटात भाजलेली मटणाची नळी, उकडलेलं अंडं, शिरा, कार्पासला (सुरुवातीला खायची हिरवी भाजी) कोथिंबीर किंवा सेलरी, मारोरला लेट्यूस. पानं मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून एकेक उजेडात धरून पाहा, देठाशी किडे असतात. तीन मात्सा वेगवेगळ्या घडीत झाका.

मराठी भाषांतराचे हगादा, म्हणजे सेदेरला वाचायची पुस्तकं, मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापले गेले. घरात मराठी हगादा असेल तर मुलांचे प्रश्न मराठीत वाचा, हिब्रू नंतर. अफिकोमान मध्यरात्रीपूर्वी खायचा, आणि ही मध्यरात्र घड्याळाची नव्हे, सूर्याची. मुंबईत ती साधारण १२.४० ला येते, त्यामुळे जेवण लांबलंच तर तेवढी चाळीस मिनिटं हाताशी असतात.