वर्किंग टाइम टेबलवरून ओपन रेल्समध्ये गाडी चालवायची तर

मनमाड–परभणी मार्ग ओपन रेल्स या रेल्वे सिम्युलेटरमध्ये खराखुरा चालवायचा असेल तर प्रवाशांचं वेळापत्रक पुरत नाही. न थांबता पार करायच्या स्टेशनांच्या वेळा त्यात नसतात. वर्किंग टाइम टेबल (रेल्वे कर्मचाऱ्यांसाठीचं अंतर्गत वेळापत्रक) घ्या आणि आधी त्याचं साल बघा. हा मार्ग 1990च्या दशकात ब्रॉडगेज झाला, पुढचा परभणी–मुदखेड टप्पा नंतर दुहेरी झाला. वेळापत्रकाची प्रत एका काळातली आणि सिम्युलेटरमधलं मार्गाचं मॉडेल दुसऱ्या काळातलं असेल, तर क्रॉसिंगच (समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या जागा) जुळणार नाहीत.

मग किलोमीटर जुळवा. छत्रपती संभाजीनगर आणि जालना (मधलं अंतर सुमारे 63 किमी) यांचे आकडे वेळापत्रकात आणि मॉडेलमध्ये, दोन्हीकडे काढा. दोन्ही स्टेशनांवर फरक सारखाच आला तर तोच सगळीकडे धरा. वेगळा आला तर मॉडेलमध्ये रूळ आखूड केलेत. तिथे स्टेशनागणिक हिशोब करावा लागतो. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलं तर पुढचं सगळं चुकतं.

आता तक्ता: किमी, कायमची वेगमर्यादा, चढ-उतार, पार होण्याची वेळ आणि ब्रेक कुठे लावायचा ते. हा शेवटचा रकाना कुठेच छापलेला नसतो. 100 किमी/तासावरून 30वर यायला 0.3 मी/से² मंदनाने (वेग कमी होण्याच्या दराने) सुमारे 1.2 किमी लागतात. 1:150 उतारावर तेच 1.5 किमी होतात. मर्यादा संपली तरी लगेच नॉच (इंजिनाच्या शक्तीची पायरी) वाढवू नका. आयसीएफ या कारखान्याच्या बनावटीचे 18 डबे आणि इंजिन मिळून गाडी सुमारे 420 मीटर भरते, म्हणजे 30च्या वेगाने शेपूट बाहेर पडायला 50 सेकंद. रुळांकडेची टी/पी पाटी (प्रवासी गाडीसाठी मर्यादा संपल्याची खूण) तेवढ्याचसाठी पुढे लावलेली असते.

तात्पुरत्या मर्यादांची खरी अडचण वेगळीच. अ‍ॅक्टिव्हिटीत (सिम्युलेटरमधल्या ठरावीक फेरीत) मर्यादेचे पट्टे हवे तेवढे टाकता येतात, पण त्यांचा वेग मार्गाच्या टीआरके (.trk) फाइलमधल्या टेम्परिस्ट्रिक्टेडस्पीड (TempRestrictedSpeed) या एकाच आकड्यावरून ठरतो, आणि तो मीटर प्रति सेकंदात असतो. 30 किमी/तास हवे तर 8.33 लिहा, 30 लिहिलंत तर 108 किमी/तास होईल. फाइलची प्रत आधी काढून ठेवा, युनिकोडमध्येच सेव्ह करा. 20 आणि 45 अशा वेगळ्या मर्यादा असतील तर सर्वांत कमी आकडा फाइलमध्ये घालू नका, गाडी विनाकारण रखडते. सर्वांत जास्त घाला, बाकीच्या तक्त्यावर लाल पेनाने लिहा आणि स्वतः पाळा.

मोठ्या स्टेशनाआधीचा शेवटचा टप्पा वेळेत ढिला दिसेल. तो दुरुस्तीकामासाठी राखलेला वेळ असतो, रेंगाळायला नव्हे. मर्यादेनेच चाला, लवकर पोचलात तर एफ10 दाबून सुटायची वेळ बघा आणि फलाटावर थांबा.