जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर कसा बदलावा

प्रोसेसर बदलायला अर्धा तास पुरतो. कुठला प्रोसेसर बसेल हे शोधायला मात्र एक संध्याकाळ राखून ठेवा, कारण पैसे वाया जातात ते तिथेच.

त्याआधी रोग नेमका कुठे आहे ते बघा. कॉम्प्युटर रखडत असताना टास्क मॅनेजर उघडा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि प्रोसेसर निवांत दिसत असेल, तर हार्ड डिस्क काढून एसएसडी (तिच्याहून वेगवान डिस्क) बसवा आणि हा लेख इथेच सोडा. प्रोसेसरच सतत ९०-१०० टक्क्यांवर धापा टाकत असेल तर पुढे वाचा.

आता मदरबोर्डचं, म्हणजे प्रोसेसर ज्यावर बसतो त्या मुख्य बोर्डाचं, नेमकं मॉडेल शोधा. विंडोजच्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये 'बेसबोर्ड प्रॉडक्ट'समोर ते लिहिलेलं असतं. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअरही सांगतं. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलची 'सीपीयू सपोर्ट' यादी काढा. यादीत नाव नसेल तर तो प्रोसेसर घेऊ नका, विकणारा काहीही म्हणो.

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची खाच, जुळला म्हणजे काम झालं, असं अनेकांना वाटतं. इंटेलच्या ६व्या-७व्या पिढीचा सॉकेट एलजीए ११५१, आणि ८व्या-९व्या पिढीचाही एलजीए ११५१च. तरी ६व्या पिढीच्या बोर्डावर ८व्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. त्याला ३०० मालिकेचा चिपसेट (बोर्डावरची नियंत्रक चिप) लागतो. एएमडीचा एएम४ सॉकेट याबाबतीत उदार. २०१७च्या रायझेन ५ १६००च्या जागी २०२२चा रायझेन ५ ५६०० बसू शकतो. दोघेही ६५ वॉटचे, म्हणून पॉवर सप्लायचीही चिंता नाही. अट एकच: बोर्डाचं बायोस, म्हणजे कॉम्प्युटर सुरू करणारं बोर्डातलं सॉफ्टवेअर, ताजं हवं. इंटेलच्या एच६१ बोर्डावर २ऱ्या पिढीच्या दोन कोअरच्या आय३-२१००ऐवजी ३ऱ्या पिढीचा चार कोअरचा आय७-३७७० लावायचा, तरी हीच अट येते.

बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करायचं. नवा लावल्यावर आठवलं तर पडदा काळाच राहील, आणि पुन्हा सगळं खोलावं लागेल. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून शक्यतो यूपीएसवर करा.

आणखी एक खोच. नव्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आहे का? इंटेलच्या नावाशेवटी 'एफ' असेल तर नाही. रायझेन ५ ५६००मध्येही नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मॉनिटरवर काहीच दिसणार नाही.

महत्त्वाच्या फायलींचा बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं साधन) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा आणि बिटलॉकर तात्पुरतं थांबवा.

आता पेटी उघडू. आधी कॉम्प्युटर दहा-पंधरा मिनिटं वापरा. प्रोसेसर आणि त्यावरचा पंख्याचा कूलर यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी वाळलेली पेस्ट कोमट होऊन सैल पडते. मग शटडाऊन करून प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. वायरी जशा आहेत तसा मोबाइलवर फोटो काढा.

एएम४ आणि त्याआधीच्या एएमडी प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरलाच असतात. कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर, त्याला धरून ठेवणारा सॉकेटचा लिव्हर (दांडी) बंद असतानाही, त्याला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो. माझ्या हातून हे झालंय. वाकलेल्या दोन पिना मेकॅनिकल पेन्सिलच्या रिकाम्या टोकाने सरळ करण्यात रात्र गेली. म्हणून कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळा, तो फिरायला लागला की मगच उचला. इंटेलच्या पिना सॉकेटमध्ये असतात आणि त्या याहून नाजूक. तिथे बोट, फडकं, काहीच लागू देऊ नका.

लिव्हर उचलून जुना प्रोसेसर कडांना धरून काढा. नव्याच्या कोपऱ्यातला छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा. प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसला पाहिजे. दाबावा लागतोय म्हणजे दिशा चुकलीय. इंटेलचा लिव्हर बंद करताना मात्र बराच जोर लागतो, थोडी करकरही होते, घाबरू नका.

कूलरच्या तळाची जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्रोसेसरच्या मधोमध नव्या पेस्टचा छोट्या वाटाण्याएवढा ठिपका द्या, पसरवत बसू नका. कूलर ठेवून स्क्रू एकाआड एक, तिरके कोपरे धरून थोडे थोडे आवळा. पंख्याची वायर 'सीपीयू फॅन' लिहिलेल्या जागी लावा. ही वायर भले भले विसरतात.

झाकण न लावता मशिन चालू करा. पहिल्या वेळी ते एक-दोनदा आपणहून बंद-चालू होऊ शकतं. पंखा फिरत नसेल तर लगेच बंद करा. बायोसमध्ये नव्या प्रोसेसरचं नाव आणि तापमान बघा. तिथे नुसतं बसल्या बसल्या आकडा ८० अंश सेल्सियसच्या पुढे चढत असेल तर कूलर नीट टेकलेला नाही. तो काढून पेस्ट पुन्हा लावा. सगळं ठीक असेल तर विंडोजमध्ये अर्धा तास जड काम देऊन तापमान परत तपासा, आणि मग झाकणाचे स्क्रू लावा.