इशारा पायरीच्या आधी लिहा

मॅन्युअल कुणी कादंबरीसारखं वाचत नाही. माणूस एक ओळ वाचतो, तेवढं करतो आणि मग पुढच्या ओळीकडे वळतो. त्यामुळे ‘झाकण उघडा’ असं लिहून त्याखाली ‘उघडण्यापूर्वी वीज बंद करा’ असं लिहिलं, तर ती ओळ वाचेपर्यंत हात आत गेलेला असतो. इशारा नेहमी पायरीच्या वर हवा. सॉफ्टवेअरमध्येही हेच: ‘बॅकअप घेतला असेल तरच जुना डेटाबेस डिलीट करा’ असं लिहा, म्हणजे अट आधी वाचली जाते.

शब्दही जपून वापरा. धोक्याच्या सूचना कशा लिहाव्यात हे सांगणाऱ्या अमेरिकेच्या ‘अॅन्सी झेड५३५’ मानकांत ‘डेंजर’ म्हणजे धोका टाळला नाही तर मृत्यू किंवा गंभीर इजा होणारच. ‘वॉर्निंग’ म्हणजे तशी होऊ शकते. ‘कॉशन’ म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजेची शक्यता. इजेचा प्रश्न नसेल, फक्त वस्तूचं नुकसान होणार असेल, तर ‘नोटीस’. दर पानावर ‘वॉर्निंग’ टाकली की खरी वॉर्निंगही लोक नजरेआड करतात, आणि माझ्या मते हा सर्वांत महागात पडणारा दोष आहे.

इशारा कुठे हवा, हे शोधायला इंजिनिअरला ‘मसुदा बघून घ्या’ एवढंच सांगू नका. बहुतेक वेळा ‘ठीक आहे’ एवढंच उत्तर येतं. त्याऐवजी पायरीवर बोट ठेवून विचारा: ‘इथे चुकलं तर काय होईल? ते परत दुरुस्त करता येतं का?’ मग सपोर्टच्या माणसांकडे जा. ग्राहकांचे फोन नेमके कुठल्या पायरीवरून येतात, ते त्यांना पाठ असतं.