अक्षरं मोठी पाहिजेत तर रिझोल्यूशन कमी करू नका

आपल्या नागपुरात कितीतरी घरी, दुकानात हेच दिसून राहिलं, बाबांना अक्षरं बारीक दिसतात म्हणून कोणीतरी कम्प्युटरचं रिझोल्यूशन, म्हणजे चित्र आडव्या-उभ्या किती ठिपक्यांत दाखवायचं ते, १९२०×१०८० वरून १३६६×७६८ करून देतं, अक्षरं मोठी होतात पण सगळं पुसट. मराठी वाचणाऱ्याला तर जास्तच त्रास, अनुस्वार गायब, रफार वरच्या रेषेत मिसळतो, 'द्ध' आणि 'द्व' ओळखूच येत नाही.

असं का होतं तर स्क्रीनवर ठिपके, म्हणजे पिक्सेल, कारखान्यातच पक्के बसवलेले असतात. फुल एचडीत आडवे १९२० आणि उभे १०८०. तुम्ही १३६६ सांगितलं की चित्रातला एक ठिपका साधारण १.४ ठिपक्यांवर पसरवावा लागतो, अर्धा ठिपका तर पेटत नाही, मग कडा धूसर होतात.

म्हणून विंडोजमध्ये डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज, रिझोल्यूशन 'रिकमेंडेड' लिहिलेलंच ठेवा आणि स्केल, म्हणजे अक्षरं-चिन्हं किती मोठी दाखवायची ते, १२५ किंवा १५० टक्के करा. अक्षरं मोठी अन् ठसठशीत दोन्ही. मोबाईलवर फॉन्ट साइज वाढवा, बस.

आणि बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, मॉनिटर घ्यायला गेलात तर नुसते इंच विचारू नका भाऊ, २४ इंची फुल एचडीत एका इंचात साधारण ९२ ठिपके येतात, २७ इंचीत तेच ८२ वर येतात, ठिपके विरळ झाले की अक्षरांच्या कडा खडबडीत दिसतात, त्यामुळे दिवसभर वाचायचं काम असेल तर माझ्या मते २७ इंचीत २५६०×१४४० च घ्या.